दुरुस्तीनंतरची धूळ काढणारी सफाई सेवा : नेरूळमधील भाड्याच्या घरातला अनुभव

नेरूळमधील सिडकोच्या एका जुन्या इमारतीत आम्ही भाड्याने राहतो. खालच्या मजल्यावर गळती होत असल्यामुळे घरमालकांनी मे महिन्यात न्हाणीघराच्या लाद्या फोडून वॉटरप्रूफिंग करून घेतले. काम चांगले झाले आणि ठेकेदाराने राडारोडाही गोण्यांत भरून नेला. परंतु कटरने लाद्या कापताना उडालेली पांढरी पूड दारांच्या फटींतून आत शिरून कपाटातील कपड्यांवर आणि माळ्यावरच्या भांड्यांवर बसली होती. घरात तुम्ही राहता, तेव्हा झाडलोट तुमची, असे घरमालकांचे म्हणणे होते, तर दरात केवळ मलबा उचलणे धरले आहे, असे ठेकेदाराचे. तीन दिवस आम्ही लादी पुसत राहिलो, पण ती वाळली की पुन्हा पांढरट दिसे. अखेर सानपाड्यातील एका छोट्या सफाई सेवेला बोलावले.

तिघे जण आले आणि त्यांनी झाडू हातात घेतलाच नाही, तेव्हाच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. "काकू, झाडलं की ही धूळ नुसती उडते आणि थोड्या वेळाने परत बसते," असे त्यांच्यातील ताईंनी सासूबाईंना समजावले. लादी आणि सिमेंट यांच्या धुळीत सिलिका असते व तिचे बारीक कण फुप्फुसांना घातक असतात, त्यामुळे घरात दम्याचा त्रास असलेले माणूस असताना ही काळजी मला फार मोलाची वाटली. त्यांच्या व्हॅक्यूम यंत्राला हेपा फिल्टर होता, जो ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. असा फिल्टर नसलेल्या यंत्रातून अतिसूक्ष्म धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीतच येते. छत, पंखे, कपाटांचे माथे, सरकत्या खिडक्यांच्या खाचा, एसीची जाळी आणि सर्वांत शेवटी लादी, असा त्यांचा क्रम होता. न्हाणीघराच्या नव्या लाद्यांवरील सिमेंटचा थर त्यांनी सौम्य आम्लाच्या पाण्याने काढला, मात्र बाहेरच्या खोलीतील कोटा फरशीला त्याचा थेंबही लागू दिला नाही, कारण कोटा हा चुनखडक आहे आणि आम्लाने त्याची चमक जाते. तसा डाग पडला असता, तर त्याची भरपाई आमच्याच डिपॉझिटमधून झाली असती.

एकूण ४,२०० रुपये झाले. दोन दिवसांनी कपाटांवर पुन्हा हलका थर दिसला आणि दुसऱ्या फेरीचे ८०० रुपये वेगळे द्यावे लागले. हे त्यांनी आधी सांगायला हवे होते. पडदे आणि गाद्या त्यांच्या कामात येत नाहीत. एवढी उणीव सोडली, तर ही सेवा मी निःसंकोचपणे सुचवेन.

मात्र हा खर्च भाडेकरूने करावा, हे मला मान्य नाही. रोजचा केरवारा आमचा आहेच, पण ज्याने काम काढले त्याच्या कामातच ही धूळ धरली पाहिजे. बांधकामाच्या कचऱ्याविषयीच्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीही दुरुस्तीच्या मलब्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच टाकली होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तसा आमचा ११ महिन्यांचा करार आहेही, परंतु दुरुस्तीनंतरच्या सफाईविषयी त्यात एक अक्षर नाही. सफाईपूर्वीची छायाचित्रे आणि बिल पाहिल्यावर घरमालकांनी पहिल्या फेरीची निम्मी रक्कम जूनच्या भाड्यातून वजा करू दिली. नव्या कराराच्या मसुद्यात, घरमालकाने काढलेल्या कामानंतर घर राहण्याजोगे स्वच्छ करून देण्याचा खर्च त्यांचा राहील, असे वाक्य आम्ही घातले आहे. ते त्यांना मान्य आहे; त्यात दुसरी फेरी धरायची की नाही, एवढेच बोलणे बाकी आहे.