डीएनए किट की कमरेची टेप?

आमच्याकडे पोट सुटणं पिढीजात आहे. हातपाय काडीसारखे आणि शर्टाचं खालून दुसरं बटण ताणलेलं. चाळिशी आली की प्रश्न येतोच: नळीत थुंकी भरून जनुकांचा अहवाल मागवायचा आणि मग व्यायाम ठरवायचा, की लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि कमरेची टेप एवढ्यावर सरळ चालायला लागायचं? मी दोन्ही केलंय.

किटवाले ज्या एफटीओ जनुकाचं नाव घेतात, ते काही थोतांड नाही. लठ्ठपणाशी त्याचा संबंध २००७ मध्ये समोर आला. आईवडील दोघांकडून जोखमीचा प्रकार आला असेल तर वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं. पण २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा अंगाला हालचाल असणाऱ्यांमध्ये या जनुकाचा जोर सुमारे २७ टक्के कमी दिसला. म्हणजे अहवाल काहीही आला तरी चालायचंच आहे.

माझं बिनसलं ते एका लाल पट्टीमुळे. ‘व्यायामाला प्रतिसाद’ या रकान्यात मला लाल, मेव्हण्याला हिरवी. खालचा सल्ला दोघांनाही तोच, आठवड्याला १५० मिनिटं चाला! पण ती पट्टी डोक्यातून जाईना. पावसाळ्यात सकाळी छत्री हातात घेतली की हटकून आठवायची. आपल्या नशिबातच नाही, तर भिजायचं कशाला? हे माझंच खूळ असावं असं वाटायचं. पण स्टॅनफर्डमध्ये काही जणांना ‘तुमची जनुकं व्यायामाला साथ देणारी नाहीत’ असं सांगून ट्रेडमिलवर पळवलं, तर खरी जनुकं कशीही असली तरी त्यांचा दम आधीपेक्षा लवकर संपला.

टेपला असली मतं नसतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, यडकिनांची ९.१. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर बघावा: पुरुषांना मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शिवाय यात नुसती जनुकं नाहीत, आईच्या पोटात झालेलं पोषणही आहे, असं याज्ञिक सांगत आलेत. ते कुठल्या किटमध्ये दिसणार?

लिपिड प्रोफाइलचा फायदा असा, की ते बदलतं. भरभर चाललं की स्नायूंमधलं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) जोमाने काम करतं आणि रक्तातली ट्रायग्लिसराइडं, म्हणजे एक प्रकारची चरबी, फोडून स्नायूंना इंधन पुरवतं. हा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. त्यामुळे रविवारी एकदाच सिंहगड चढण्यापेक्षा रोजची फेरी मला तरी जास्त मानवली. घेर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही उतरले; लाल पट्टी अजून लालच आहे.

घरात तरुणपणी हार्ट अटॅक आलेले असतील आणि तुमचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १९०च्या वर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जनुकीय चाचणीला खरंच अर्थ आहे, पण ती डॉक्टरांनी सांगितलेली. बाकीच्यांनी किटचे पैसे बुटांत घालावेत, असं आपलं मला वाटतं. आणि लिपिड प्रोफाइल लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी करू नका, ट्रायग्लिसराइड उगाच चढलेलं दिसू शकतं. मोठ्या ट्रेकच्या दुसऱ्या दिवशीही नको. तेव्हा ते उगाच छान दिसतं.