चिनी 'बाझी' की युरोपीय कुंडली: आधी काय शिकावे?

पत्रिका वाचता येऊ लागल्यावर पुढे चिनी ज्योतिष अभ्यासावे की युरोपीय, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी एक फरक प्रथम ध्यानात घ्यावा. युरोपीय ज्योतिषी आकाशातील ग्रह मांडतो. 'बाझी', म्हणजे 'आठ अक्षरे', ही चिनी पद्धत मात्र पंचांगच वाचते. वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांच्या प्रत्येकी दोन अक्षरांवरून काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल यांचे बलाबल ती ठरवते. शनी-मंगळ कोठे बसले आहेत, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

३० जानेवारी १९९० रोजी सकाळी दहाच्या सुमारास जन्मलेली व्यक्ती घ्या. त्या साली चिनी नववर्ष २७ जानेवारीला लागले, म्हणून प्रत्येक वर्षाला एक प्राणी देणाऱ्या प्रचलित चिनी राशिभविष्यात ती 'घोडा' ठरते. पण बाझीचे वर्ष ४ फेब्रुवारीच्या आसपास, सूर्य सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) कुंभेच्या मध्यावर आला की बदलते, त्यामुळे तेथे ती 'सापा'च्या वर्षातली. युरोपीय कुंडलीत तिचा रवी कुंभेत पडतो आणि आपल्या निरयन (स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या) गणिताने मकरेत, कारण दोन्ही गणितांत सुमारे २४ अंशांचे अंतर आहे.

'दहाच्या सुमारास' हे शब्दही निर्णायक आहेत. बाझीत नऊ ते अकरा हा एकच कालखंड असतो, तर युरोपीय कुंडलीतील लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिबिंदू, सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकते. जन्मवेळ म्हणून आजीच्या आठवणीतले 'गुरे रानात गेली तेव्हा' एवढेच हाती असेल, तर लग्न व भाव (कुंडलीतली बारा घरे) यांवर विसंबणे व्यर्थ आहे; तिथे बाझीच सोयीची.

वेळ पक्की असल्यास मात्र मी युरोपीय पद्धत आधी सुचवीन. लग्न, बारा भाव, दृष्टी ही चौकट ओळखीची आहे. आपले 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्द मुळात ग्रीकच. अडचण येते ती दृष्टीत, म्हणजे ग्रहांच्या परस्परसंबंधात, कारण तेथे ती आपल्यासारखी घरांनी नव्हे, तर ६०, ९०, १२० अशा अंशांनी मोजतात. भाकिते खरी ठरतात का, हा ज्यांचा प्रश्न आहे, त्यांनी अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ शॉन कार्लसन यांची १९८५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकामध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. तिच्यात पत्रिकेशी जुळणारे व्यक्तिमत्त्ववर्णन ओळखताना ज्योतिषांची निवड योगायोगाहून सरस ठरली नव्हती.

बाझीसाठी दहा 'खोडे' आणि बारा 'फांद्या' या अक्षरांच्या साठ जोड्या पाठ कराव्या लागतात. प्रभवापासून क्षयापर्यंतची साठ संवत्सरे ज्याने घोकली आहेत, त्याला हे चक्र नवखे वाटणार नाही.