डेटा रिकव्हरीवाल्याचं "हेड गेलंय" : लिनक्सची डिस्क दुरुस्तीला टाकणाऱ्यांसाठी

लातुरात कुणी हार्ड डिस्क, त्यातही लिनक्सची (विंडोजऐवजी वापरायची ऑपरेटिंग सिस्टीम), दुरुस्तीला टाकणार असेल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

आमच्या दाजींचे औशाला अकरावी-बारावीचे क्लासेस आहेत. प्रश्नपत्रिका, नोट्स, फीचा हिशेब, सगळं उबंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार). भर उन्हाळ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी आधीच बसलेली. मशीन परत चालू केलं तर डेटाची डिस्क माउंटच होईना (उघडेचना), 'बॅड सुपरब्लॉक', म्हणजे डिस्कच्या मांडणीची मुख्य नोंद बिघडलीय, म्हणायला लागली. दाजींनी ती लातूरला एका डेटा रिकव्हरीवाल्याकडं टाकली, 3,000 ॲडव्हान्स दिला. पुढच्या आठवड्यात फोन : "सर, हेड गेलंय. मुंबईच्या लॅबमधून नवीन टाकून आणलंय. डेटा पाहिजे असेल तर अजून 16,000 लागतील."

हेड म्हणजे डिस्कच्या आतला डेटा वाचणारा-लिहिणारा भाग. दाजी पैशाच्या जुळवाजुळवीला लागले होते. ताईनं मला फोन केला म्हणून बरं. मी जाऊन डिस्क तशीच उचलून आणली.

हेड बदलायचं तर डिस्कचं झाकण काढावंच लागतं. या डिस्कचा एक स्क्रू कंपनीच्या स्टिकरखाली आहे. बोटानं चाचपला, स्टिकरला साधी चुणीसुद्धा नव्हती. डिस्क लावली, तर ना टकटक, ना खरखर. आणि आत ईएक्सटी4 च्या (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) जागी कोरं एनटीएफएस (विंडोजची पद्धत)!

झालं काय असणार ते उघड आहे. विंडोजला ईएक्सटी4 वाचता येत नाही. अशी डिस्क लावली की ते 'फॉरमॅट करा' म्हणून खिडकी काढतं, आणि यांनी 'हो' दाबलं. एनटीएफएस स्वतः कधी तयार झालं ती तारीख-वेळ आत नोंदवून ठेवतं. ती निघाली दाजींनी डिस्क दिली त्याच संध्याकाळची. हेड गेलेल्या डिस्कवर फॉरमॅट होतोय कसा, हे मालकांनीच सांगावं.

मी आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घेतली. मूळ डिस्कवर थेट एफएसचेक (डिस्कची मांडणी तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवायचं नाही. ते दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावरच लिहितं. क्विक फॉरमॅट सगळी डिस्क पुसत नाही. ईएक्सटी4 सुपरब्लॉकच्या प्रती जागोजागी ठेवतं. 4 केबीचे ब्लॉक (डिस्कचे समान तुकडे) असतील तर पहिली प्रत 32768 व्या ब्लॉकवर, पुढची 98304 वर. इमेजवर ई2एफएसचेकला (एफएसचेकचाच ईएक्सटी4 साठीचा प्रकार) पहिल्या प्रतीचा आकडा दिला आणि फोल्डर दिसायला लागले. काही फाइली लॉस्ट-फाउंड या फोल्डरमध्ये नुसत्या नंबरानं पडल्या, काही फुटल्या, फीचा हिशेब मात्र पूर्ण निघाला. म्हणजे लाइट गेली तेव्हाच हे केलं असतं तर बहुतेक एवढंही गेलं नसतं.

तुमच्यावर वेळ आली तर डिस्क देताना पावतीवर सीरियल नंबर आणि 'मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही' हे लिहून घ्या. झाकणाचे फोटो काढून ठेवा. "आधी इमेज घेता का?" एवढंच विचारा, समोरचा गोंधळला तर डिस्क खिशात घालून सरळ बाहेर पडा.

ॲडव्हान्स परत मागितला तर मालक म्हणतात, "लिनक्स आहे हे तुम्ही सांगितलंच नाही." पावतीवर त्यांच्याच अक्षरात आहे : '1 टीबी, उबंटू, डेटा काढणे.' ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार टाकलीय. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही.