भिडू मिळणे, डावात बसणे आणि उठून जाणे : पटावरच्या खेळांच्या ऑनलाइन ठिकाणांची तुलना

पटावरचे खेळ ऑनलाइन खेळायचे ठरवले की बहुतेक जण आधी खेळांची यादी पाहतात. यादी महत्त्वाची आहेच. पण महिनाभर खेळून झाल्यावर जी गोष्ट जाणवत राहते ती वेगळी असते. भिडू किती वेळात मिळतो, त्याच्यासोबत डावात बसायला काय काय करावे लागते आणि एखादा मधूनच उठून गेला तर उरलेल्यांचे काय होते, यावर त्या ठिकाणी पुन्हा जावेसे वाटते की नाही हे ठरते. या तिन्हींत मी उठून जाण्याच्या नियमाला सर्वांत जास्त वजन देतो. वाड्यात किंवा चाळीत रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घेत नसे आणि तेवढी शिक्षा पुरत असे. अनोळखी माणसांच्या लॉबीत, म्हणजे भिडू जमतात त्या ऑनलाइन दालनात, ही शिक्षा यंत्रणेला द्यावी लागते, आणि ती कशी दिली जाते त्यावर तिथे कोणत्या स्वभावाचे भिडू टिकतात हे अवलंबून असते.

येथे प्रामुख्याने तीन ठिकाणांचा विचार केला आहे : बुद्धिबळासाठी लीचेस, आधुनिक पटखेळांसाठी बोर्ड गेम अरीना आणि स्वतःच्या संगणकावर टेबल मांडू देणारे टेबलटॉप सिम्युलेटर. घरच्या मंडळींपुरते खेळायचे असेल त्यांच्यासाठी लुडो किंग आणि शब्द ओळखण्याचा खेळ कोडनेम्स यांचाही शेवटी थोडक्यात उल्लेख आहे.

भिडू शोधण्याच्या बाबतीत लीचेसला तोड नाही. तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ ना-नफा तत्त्वावर चालते, त्यावर जाहिराती नाहीत आणि कोणतीही सोय पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली नाही. मुखपृष्ठावरच वेळेच्या चौकटी मांडलेल्या दिसतात : १+०, ३+२, १०+०, १५+१० अशा. पहिला आकडा प्रत्येकाला मिळणाऱ्या मिनिटांचा आणि दुसरा प्रत्येक चालीमागे वाढणाऱ्या सेकंदांचा. चौकटीवर बोट ठेवले की जवळपासच्या गुणांकनाचा (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याचा) प्रतिस्पर्धी बहुधा काही सेकंदांत समोर येतो. शेजारीच 'लॉबी' नावाचा भाग आहे, तिथे खुली आव्हाने एकाखाली एक येत असतात. नाव, गुणांकन, वेळ आणि डाव गुणांकनात धरला जाणार की नाही हे पाहून हव्या त्या ओळीवर टिचकी मारली की डाव सुरू. खेळ एकच आणि भिडू फक्त दोन, त्यामुळे वाट पाहण्याचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. शिवाय ओळखीच्या माणसाशी खेळण्यासाठी एक दुवा तयार करून पाठवता येतो, आणि तो उघडणाऱ्याला खाते काढावे लागत नाही. ज्या काकांना पासवर्ड लक्षात ठेवण्याचा तिटकारा आहे, त्यांच्याशी खेळण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

बोर्ड गेम अरीनाचे गणित निराळे आहे. हेही २०१० मध्येच फ्रान्समध्ये सुरू झाले, २०२१ मध्ये आस्मोदे या पटखेळ-प्रकाशन समूहाने ते विकत घेतले, आणि आज तिथे शेकडो खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतात. पण खेळ शेकडो म्हणजे गर्दी शेकडो ठिकाणी वाटली गेलेली. कारकासोनसारख्या लोकप्रिय खेळाला भिडू पटकन मिळतो. चार जण लागणाऱ्या एखाद्या गुंतागुंतीच्या आणि अल्पपरिचित खेळाचे टेबल उघडून बसले तर तीन जण जमतात आणि चौथ्याची वाट पाहता पाहता दुसरा निघून जातो. ज्यांनी पत्त्यांसाठी चौथा भिडू शोधत चाळीचे तिन्ही मजले पालथे घातले असतील, त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. यावरचा या ठिकाणचा उपाय म्हणजे 'पाळीपाळीने' खेळण्याचा प्रकार : एका चालीला एक दिवस किंवा त्याहून अधिक अशी मुदत ठरवायची, आणि ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्याने आपली चाल करायची. सर्वांनी एकाच वेळी हजर राहून खेळायचा डाव एका वेळी एकच घेता येतो. पाळीपाळीचे मात्र अनेक डाव एकाच वेळी चालू ठेवता येतात.

टेबलटॉप सिम्युलेटरमध्ये शोधणे सर्वांत कष्टाचे आहे. बर्झर्क गेम्सचे हे सॉफ्टवेअर स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळते; त्याची पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यात चालू असलेल्या टेबलांची यादी दिसते. ज्यापुढे कुलपाची खूण असेल त्याला पासवर्ड लागतो, आणि बरीचशी टेबले तशीच असतात. उघड्या टेबलावर जाऊन बसले तरी तिथे कोणत्या पायरीवरचा डाव चालू आहे, मंडळी कोणत्या भाषेत बोलत आहेत आणि आपल्याला घेण्याची त्यांची तयारी आहे का, हे आत गेल्यावरच कळते. परक्या घरात बेल न वाजवता शिरल्यासारखे वाटते. त्यामुळे अनोळखी भिडू हवे असणाऱ्यांनी या वाटेला न गेलेलेच बरे. ज्यांचा गट आधीच ठरलेला आहे त्यांच्यासाठी मात्र ही उणीव जवळपास गैरलागू ठरते.

डावात बसण्याच्या टप्प्यावर खर्चाचा विचार करावाच लागतो, कारण तो सर्वांवर सारखा पडत नाही. बोर्ड गेम अरीनावर बरेच खेळ फुकट आहेत. काही खेळांचे टेबल उघडण्यासाठी सशुल्क सदस्यत्व लागते, पण असे टेबल एका सदस्याने उघडले की बाकीच्यांना पैसे न भरता त्यावर बसता येते. चौघांच्या गटात एकाने वर्गणी भरली तरी काम भागते. टेबलटॉप सिम्युलेटरमध्ये उलट प्रत्येकाला स्वतःची प्रत विकत घ्यावी लागते आणि प्रत्येकाकडे बऱ्यापैकी संगणक असावा लागतो. वेगळे विकत मिळणारे अधिकृत जोडखेळ मात्र यजमानाने, म्हणजे टेबल उघडणाऱ्याने, एकट्याने घेतले तरी पुरतात. ज्या घरात एक लॅपटॉप आणि चार मोबाइल आहेत, त्या घराचा निर्णय इथेच होऊन जातो.

बसण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. अरीनावर टेबल भरले की लगेच खेळ सुरू होत नाही. प्रत्येकाला संमतीचे बटण दाबावे लागते, आणि जो ठरलेल्या अवधीत दाबत नाही त्याची जागा रिकामी होते. नवख्याला ही पायरी अनावश्यक वाटते; प्रत्यक्षात, टेबलावर नाव टाकून चहा करायला गेलेला माणूस इथेच गळतो आणि पुढचा तासभराचा मनस्ताप वाचतो. टेबल उघडणाऱ्याला प्रवेशाच्या अटीही घालता येतात : किमान कर्म (डाव पूर्ण करण्याची सवय दाखवणारा आकडा, त्याबद्दल पुढे) किती असावे, कौशल्याची पातळी काय असावी, फक्त मित्रच असावेत का. शिकवणीसाठी वेगळा प्रकार आहे, त्यात हरले तरी गुणांकनाला धक्का लागत नाही. लहानपणी ज्याला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेत, त्याचीच ही सोय; नवा खेळ शिकताना तिचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये.

टेबलटॉप सिम्युलेटरमध्ये आत शिरल्यावर टेबलाभोवती रंगीत जागा दिसतात. आपण लाल, निळी किंवा हिरवी अशी एक निवडायची, किंवा राखाडी रंगात राहून नुसते पाहायचे. एवढेच. नियम सांगणारे, चूक अडवणारे कुणी नाही. सोंगटी चुकीच्या घरात ठेवली तरी ती तिथे राहते. काहींना हेच प्रिय आहे, कारण त्यात खऱ्या टेबलाचा आभास येतो. ज्यांना नियमांवरून वाद नको असतील त्यांना तो जाच वाटतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे उठून जाण्याकडे.

लीचेसवर डाव सुरू होता होताच, दोन्ही बाजूंच्या पहिल्या चाली होण्याआधी, तो रद्द करता येतो आणि गुणांकन बदलत नाही. ही सवलत कुणी वारंवार घेऊ लागला, की त्याला काही काळ खेळण्यास बंदी होते. पुढे गेल्यावर उठायचे असेल तर राजीनामा द्यायचा. खिडकी बंद करून पळणाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याला पडद्यावर उलटी मोजणी दिसते. ती संपली की विजय मागायचा, बरोबरी जाहीर करायची की वाट पाहायची, हे तो ठरवतो. माझ्या मते ही या सर्व ठिकाणांतली सर्वांत सभ्य व्यवस्था आहे, कारण ती गेलेल्याचा अपराध मोजत बसण्याआधी उरलेल्याच्या हाती निर्णय देते. हरत असताना चाल न करता घड्याळ संपू देणाऱ्यांनाही इथे इशारा मिळतो आणि पुढे बंदी येते. मात्र हे सारे सोपे आहे ते समोर एकच माणूस असल्यामुळे, हे विसरता कामा नये.

चार जणांच्या टेबलावरून एक उठला की प्रश्न खरा अवघड होतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अशाच एका डावात आमच्याकडची वीज गेली, राउटर बंद पडला आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून परत येईपर्यंत अकरा मिनिटे गेली. तेवढ्यात बाकी तिघांनी गप्पांच्या चौकटीत "आहात का?" असे तीनदा विचारले होते, मी परतल्यावर कुणी काही बोलले नाही, पण पुढच्या चाली फार भराभर झाल्या. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. एकाच्या अनुपस्थितीत तीन जणांची संध्याकाळ अडते, आणि यंत्रणेने कुणाची बाजू घ्यावी हे ठरवणे सोपे नाही.

बोर्ड गेम अरीना हा गुंता कर्म नावाच्या आकड्याने सोडवते. डाव पूर्ण केले की तो हळूहळू शंभराकडे चढतो, मध्येच सोडले की घसरतो, आणि घसरला की चांगल्या टेबलांवर प्रवेश मिळणे कठीण होते. कर्माचे फळ याच जन्मी देणारी अशी व्यवस्था फ्रेंच माणसांनी उभी करावी, याची मला अजून गंमत वाटते. प्रत्येकाला विचार करायला वेळेचा साठा असतो. तो संपला की इतरांना त्या भिडूला बाहेर काढता येते. गेलेल्याच्या जागी मग यंत्रणा कमीत कमी चाल करून वेळ मारून नेते. खेळ बनवणारे या अवस्थेला 'झॉम्बी' म्हणतात, आणि शब्द अचूक आहे. डाव तांत्रिकदृष्ट्या चालू राहतो, पण तोल गेलेला असतो : ज्या शेजाऱ्याशी आपली चढाओढ होती तो आता जिवंत नाही. म्हणूनच एकजण गेल्यावर उरलेल्यांनाही दंडाविना उठता येते, ही सवलत मला न्याय्य वाटते. सर्वांच्या संमतीने डाव सोडून देण्याचा प्रस्तावही ठेवता येतो. झोपेची वेळ झाली, पाहुणे आले, अशा वेळी तोच मार्ग वापरावा. पाळीपाळीच्या डावांसाठी सुटीचे दिवस आधी नोंदवण्याची सोय आहे. गणपतीत गावी जाणाऱ्यांनी ते निघण्यापूर्वीच नोंदवावेत, नाहीतर परत येईपर्यंत तीन डाव हरलेले आणि कर्म खाली आलेले दिसेल. लीचेसच्या दीर्घ मुदतीच्या डावांत अशी रजा नाही. तिथे एका चालीला चौदा दिवसांपर्यंतची मुदत सुरुवातीलाच ठरवून घ्यावी लागते.

टेबलटॉप सिम्युलेटरमध्ये कर्म नाही, गुणांकन नाही, दंड नाही. भिडू गेला तर त्याचा रंग रिकामा राहतो आणि दुसरा कुणी तिथे बसू शकतो. खरी मेख यजमानात आहे : टेबल त्याच्याच संगणकावर चालत असल्याने तो गेला की सर्वांचाच डाव उठतो. मांडणी जतन करून पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येते, तरीही ज्याचे इंटरनेट सर्वांत भरवशाचे असेल त्यालाच यजमान करावे, त्याला खेळ येत असो वा नसो. जाता जाता सांगायचे तर यात टेबल उलथवण्याचे बटणही आहे. पट उधळून देणे हा वाक्प्रचार तिथे शब्दशः अमलात आणता येतो. यजमानाने ती परवानगी आधीच काढून घेतलेली बरी, विशेषतः भाचेमंडळी खेळत असतील तर.

घरगुती पर्यायांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग २०१६ पासून आहे; खोली उघडायची, तिचा क्रमांक व्हॉट्सॲपवर टाकायचा, की आजीसुद्धा दोन मिनिटांत डावात येते. कोडनेम्सच्या अधिकृत संकेतस्थळावर तर खातेही लागत नाही : दुवा उघडायचा, टोपणनाव लिहायचे, लाल किंवा निळ्या गटात शिरायचे. गटात पाच-सहा जण असले की एखादा गेल्याने काही बिघडत नाही, उरलेले शब्द ओळखत राहतात. जिथे माणसे सतत येत-जात राहणार आहेत अशा मेळाव्यासाठी मी डोळे मिटून हाच खेळ सुचवेन.

निवड करणाऱ्याने स्वतःची परिस्थिती समोर ठेवावी. एकट्याला रात्री दहा मिनिटे मोकळी मिळतात आणि बुद्धिबळ चालते, त्याने लीचेस सोडून दुसरीकडे पाहू नये. ज्याला वेगवेगळे खेळ अनोळखी भिडूंसोबत शिकायचे आहेत, त्याने अरीनावर पाळीपाळीच्या डावांपासून सुरुवात करावी आणि कर्म नव्वदीपार गेल्याशिवाय सर्वांनी एकाच वेळी हजर राहून खेळायच्या लांब डावांत बसू नये. अर्धा गट पुण्यात आणि अर्धा न्यू जर्सीत असेल तर हिशेब घड्याळाचा आहे : उन्हाळ्यात पुण्यातले रविवारचे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. एवढी एक वेळ सर्वांना दर आठवड्याला जमत असेल आणि संगणक असतील तर टेबलटॉप सिम्युलेटरवरचा खर्च वसूल होतो. जमत नसेल, आणि तीन आठवड्यांतून एकदा तरी कुणाच्या मुलाची फुटबॉलची मॅच मध्ये येत असेल, तर एकाने अरीनाची वर्गणी भरावी, एका चालीला दोन दिवसांची मुदत ठेवावी आणि टेबल फक्त मित्रांसाठी उघडावे.