अनुराधापूर: दोन तासांत उरकू नका, मुक्कामच करा

श्रीलंकेच्या बहुतेक पॅकेजमध्ये अनुराधापूर, म्हणजे तिथली प्राचीन राजधानी, असतं ते सिगिरियाच्या किल्ल्याला जाता जाता. बोधिवृक्ष आणि एक पांढरा स्तूप दाखवायचा की बस सुटली. आम्हाला एका टूरवाल्याने दिलेल्या प्लॅनमध्येपण तसंच होतं, पण आमचं घर नागपूरचं, दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी इथूनच नेलेला हे आईला पाठ, ती म्हणाली तिथे जाऊन दोन तासात परत फिरायचं असेल तर मी येतच नाही. मग आपलं आपण ठरवलं, कोलंबो फोर्टवरून ट्रेन पकडली आणि इथे गेस्टहाऊसमध्ये राहिलो. पाचपैकी साडेचार देतेय. अर्धा कापला तो आतल्या अंतरांसाठी, एका स्तूपापासून दुसरा कितीतरी लांब, वयस्कर माणसाला पायी जमणारच नाही, टुकटुक लागतेच.

तर टुकटुक पूर्ण दिवसासाठी करा, आणि निघायच्या आधी भाडं आणि कुठे कुठे जायचं ते दोन्ही पक्कं करून घ्या, अभयगिरी या जुन्या विहाराचं नाव मुद्दाम घ्या कारण तो भाग एका टोकाला आहे आणि घाईत तोच गळतो. आम्हाला गेस्टहाऊसने दिलेला ड्रायव्हर फार चांगला निघाला, पहाटेच बाहेर काढलं आम्हाला. त्याचं कारण दहा वाजता कळलं. सगळीकडे चपला आणि टोपी काढावी लागते आणि स्तूपाभोवतीची फरशी उन्हात अशी तापते की पाय टेकवत नाही. मोजे चालतात, जाडे मोजे न्याच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरे कपडे असतील तर उत्तम, तिथले लोक पांढऱ्यातच येतात. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, सेल्फी तर नाहीच, हे तिथे खरंच मनावर घेतात.

आता बोधिवृक्ष. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा थेरी, त्यांनी बोधगयेच्या झाडाची फांदी आणली आणि देवानंपिय तिस्स राजाच्या काळात ती इथे लावली, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात. माणसाने लावलेलं आणि लावल्याची नोंद असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणून हे ओळखलं जातं. गेटवर बॅगा तपासतात, बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या. 1985 साली इथे हल्ला झाला होता, खूप भाविक मारले गेले, तेव्हा ही तपासणी कुणाला जाचक वाटू नये. मूळ झाड वरच्या चौथऱ्यावर आहे, फांद्यांना सोन्याचा मुलामा दिलेले टेकू लावलेत, खालून बघायचं. झाड बघून कोणी दिपून जाईल असं नाही, बारीकशीच फांदी आहे, भोवतीची बाकीची पिंपळं त्याहून मोठी. पण खाली वाळूत म्हाताऱ्या सिंहली बायका बसलेल्या, पुढ्यात कमळं, पाकळ्या एकेक करून उलट्या दुमडलेल्या, आणि त्यांनी ‘नमो तस्स भगवतो’ सुरू केलं तशी आई त्यांच्यात जाऊन बसली आणि त्रिसरण पंचशील सगळं त्यांच्याबरोबर म्हणाली, एक शब्द चुकला नाही. सिंहलीचं एक अक्षर तिला येत नाही. शेवटी ‘साधु, साधु, साधु’ झालं तेव्हा शेजारच्या बाईने तिच्या हातात स्वतःचं एक कमळ दिलं. आपल्याकडचा जो कोणी घरी वंदना म्हणत मोठा झालाय त्याने इथे एकदा तरी यावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून रुवनवेलीसाय चालत जाता येतं. दुट्टगामणी राजाने बांधायला घेतलेला प्रचंड पांढरा स्तूप, भोवतीच्या भिंतीवर ओळीने हत्ती. महावंस या लंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात गोष्ट आहे, राजा मरणपंथाला लागला तरी काम पुरं झालं नव्हतं, तेव्हा त्याच्या भावाने अपुऱ्या स्तूपावर पांढरं कापड घालून त्याला तो पूर्ण झाल्यासारखा दाखवला. संध्याकाळी परत या इथे, फरशी निवलेली असते, दिवे लागतात. आणि हो, याच महावंसात अशोकाच्या काळच्या तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेनंतर, धम्मप्रसाराला कुठे कोणाला पाठवलं ती यादी आहे, लंकेला अशोकाचा मुलगा महिंद आणि महारट्ठात, म्हणजे महाराष्ट्रात, महाधम्मरक्खित. म्हणजे आपला आणि लंकेचा उल्लेख एकाच यादीत.

जेतवनाचा स्तूप मात्र बिनगिलाव्याचा, तांबड्या विटांचा. महासेन राजाने सुरू केलेला, मूळ उंची 122 मीटर मानतात, म्हणजे त्या काळी गिझाच्या दोन पिरॅमिडनंतर जगात तिसरा. नऊ कोटींवर विटा लागल्या असा अंदाज आहे. आता सत्तर-एक मीटर उरलाय तरी खाली उभं राहिलं की मान दुखते.

पण माझ्यासाठी खरं अनुराधापूर अभयगिरी. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लंकेत दोन वर्षं राहिला, इथल्या विहारात बुद्धमूर्तीपुढे वाहिलेला चिनी रेशमी पंखा दिसला आणि घराच्या आठवणीने त्याला रडू आलं, त्याने स्वतः लिहून ठेवलंय. सगळं झाडीत विखुरलेलं, माकडं आणि आपण. इथली चंद्रशिला, म्हणजे पायऱ्यांच्या तळाशी असलेला अर्धगोल कोरीव दगड, नीट बसून बघा. बाहेर ज्वाळा, मग हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागे एक पळतायत, मग वेल, मग चोचीत कळी धरलेले हंस आणि मधे अर्धं कमळ. हत्तीच्या गुडघ्याची सुरकुती दिसते हो! जवळच कुट्टम पोकुण, भिक्खूंच्या स्नानाचे जोडहौद, त्यात पाणी थेट सोडत नसत, आधी छोट्या दगडी कुंडात गाळ खाली बसायचा आणि मग वरचं स्वच्छ पाणी हौदात. समाधी बुद्धाची मूर्ती मात्र आता शेडखाली आहे, फोटोत शेड येते, पण समोर बसलं की शेड दिसत नाही.

तिकिटाचं: विदेशी पर्यटकांचा दर चांगलाच आहे पण सार्क देशांना सवलत असते, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. इसुरुमुनिया या खडकातल्या विहाराचं तिकीट वेगळं.

जेवण साधं आणि छान, भात, परिप्पू म्हणजे वरणच, फणसाची भाजी, पोल सांबोल म्हणजे ओल्या नारळाची चटणी. शाकाहारी असाल तर सांबोलात सुकी मासळी घालतात, ‘उंबलकड नको’ असं आधीच सांगा, आमच्यासाठी लगेच वेगळं करून दिलं.

मिहिंतले 13 किलोमीटरवर, जिथे महिंद आणि देवानंपिय तिस्स राजाची भेट झाली ती टेकडी. पायऱ्या 1840 आहेत पण गाडी बरीच वरपर्यंत जाते, आईला तसंच नेलं, नंतरच्या पायऱ्या ती हळूहळू चढली. जूनमध्ये पोसोन पौर्णिमेला इथे लाखो लोक येतात, तेव्हा जायचं असेल तर खोली फार आधी बघून ठेवा.