पणजोबांचा नंबर मीच त्याला सांगितला होता

पणजोबांची पहिल्या महायुद्धातली पदके म्हणून विकलेल्या मालात माझे ७८,५०० रुपये गेले. त्यांतले १०,००० इसार म्हणून, ३६,५०० रोख, आणि पुढे त्यांच्या नावाच्या ब्राँझच्या तबकडीसाठी २०,००० व १२,००० असे दोन वेळा यूपीआयने. हा हिशेब मुद्दाम आधीच मांडतो, कारण गेले चार महिने मी नातेवाइकांना ‘थोडेफार गेले’ असे सांगत आलो आहे आणि ते खरे नाही. जुन्या बाजारात लष्करी पदके, बिल्ले आणि पट्ट्यांची बक्कले शोधत फिरणाऱ्यांना नकली मालाबद्दल मी वेगळे काय सांगणार? गेल्या वर्षी ओतलेली वस्तू महायुद्धातली म्हणून कशी खपवतात, हे आपण सगळेच जाणतो. मीही जाणत होतो. अकरा वर्षे मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार नाहीतर रविवार धरून जात आलो आहे, तेव्हा मी अडाणी गिऱ्हाईक होतो असे कोणी समजू नये. फक्त या वेळी मला फसवायला लागणारी सगळी माहिती मीच पुरवली होती.

माझे पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ते मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले. तो वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. पणजोबा त्याआधीच, फेब्रुवारीत, तिथे वारले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात चावडीला एक शिळा बसवलेली आहे, तिच्यावर गावातून किती माणसे महायुद्धाला गेली आणि किती कामी आली एवढे आकडे आहेत, नावे नाहीत. तिकडच्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत, साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली आहे. म्हणजे या माणसाचे नाव धातूवर किंवा दगडावर असे एकाच ठिकाणी होते, त्याच्या पदकांवर; ज्याचे पदक त्याचा नंबर, नाव आणि पलटण त्यावर ठोकलेली असते. चांदीचे पदक १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी सराफाकडे मोडले आणि ब्राँझच्या वस्तू भांड्यांच्या मोडीत गेल्या. मी अकरा वर्षे बाजारात का फिरत होतो, हे यावरून कळेल. ज्यांना हा नुसता छंद वाटतो, त्यांनी मला हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

मला फसवणारा विक्रेता ताडपत्रीवर पितळी कुलपे, जुने कंदील, नाणी आणि चारदोन बिल्ले मांडून बसायचा. माणूस चाळिशीचा, बोलायला मृदू, आणि आपल्याकडचा एक बिल्ला नकली आहे हे त्याने मला पहिल्याच भेटीत आपणहून सांगितले. त्या एका प्रामाणिकपणावर मी सगळा विश्वास टाकला. (नकली म्हणून त्याने दाखवलेला बिल्ला दीडशे रुपयांचा होता, हे आता आठवते.) “सर, तुम्ही नेमके काय शोधता ते सांगा, साताऱ्याकडचे मोडवाले माझ्या ओळखीचे आहेत,” असे तो म्हणाला आणि मी सांगत गेलो. पलटण सांगितली, वर्ष सांगितले, १९७२ ची हकीकत सांगितली, आणि संध्याकाळी घरी येऊन आजोबांच्या वहीतून पणजोबांचा चार आकडी लष्करी नंबर आणि नाव त्याला इंग्रजीत टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवले. आपण कोणाला शोधतो आहोत ते विकणाऱ्याला कधीही सांगू नका. पलटणसुद्धा सांगू नका.

सात आठवड्यांनी त्याचा फोन आला. साताऱ्याच्या एका जुन्या सराफाच्या घरात तिन्ही पदके सापडली आहेत, सराफाने चांदीचे वितळवलेच नव्हते, पण दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, म्हणून १०,००० रुपये इसार आज द्यावा लागेल. मी दिला. पैसे गेले ते खाते एका बाईच्या नावावर होते. विचारल्यावर “मिसेसचे आहे सर” एवढे उत्तर आले आणि मला ते पुरले.

पुढच्या गुरुवारी त्याने मला बाजारात न बोलावता स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात बोलावले. माल बाजाराबाहेर दाखवायचा आहे असे कोणी म्हटले की जाऊ नये, शेजारच्या चार ताडपत्र्यांवरची माणसे साक्षीला असतात ती तिथे नसतात. त्याने लाल मखमलीचा तुकडा उलगडला. १९१४-१५ चा तारा, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल, आणि इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल. चांदीचे पदक त्याने उभे धरून खिडकीकडे वळवले आणि म्हणाला, “वाचा सर.” मी कडेवरचा नंबर वाचला, मग नाव वाचले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. तो काही बोलला नाही. त्याने चहा मागवला.

त्या घटकेपाशी मी रोज परत जातो. माझ्या कपाटाच्या खणात बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर आहे. या चांदीच्या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो, हे मला पाठ आहे. कडेवरचे मूळ नाव कानशीने घासून दुसरे ठोकले तर व्यास कमी होतो, आणि म्हणूनच आधी माप घ्यायचे, नंतर नाव वाचायचे, हा धडा मी स्वतः दोन तरुण मुलांना दिलेला आहे. त्या दिवशी मी व्हर्नियर नेला नाही. भिंग खिशात होते, तेही काढले नाही, कारण समोर पणजोबांचे नाव असताना भिंग लावणे मला अपमानकारक वाटले. तारा हातात घेतला तेव्हा अंगठ्याला काळे लागले, ते मी शंभर वर्षांचे किटण समजून रुमालाला पुसले. घरी रुमाल धुवायला टाकताना पत्नी म्हणाली, “अहो, याला बूट पॉलिशचा वास येतोय.” तेव्हासुद्धा मी तिच्यावर चिडलो. ३६,५०० रुपये तोवर देऊन झाले होते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी नुकसान सोसण्याजोगे होते. तीन आठवड्यांनी त्याने तबकडी आणली. युद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकार जी ब्राँझची स्मृतिफलकाची तबकडी पाठवत असे, तीच. ब्रिटनचे प्रतीक असलेली ब्रिटानिया, सिंह, दोन डॉल्फिन आणि चौकटीत मृताचे नाव. तिच्यासाठी ३२,००० रुपये. खऱ्या तबकडीवर नाव ओतीव आणि उठावदार असते आणि नावामागे हुद्दा कधीही नसतो, कारण मरणात सगळे समान ही त्यामागची कल्पना होती. मला दिलेल्या तबकडीवर नाव खोदलेले होते आणि नावाआधी ‘सिपॉय’, म्हणजे शिपाई, असे लिहिलेले होते. मी विचारले, हे नाकारत नाही. तो म्हणाला, “हिंदी शिपायांची नावे इकडे कलकत्त्यात कोरायचे सर.” मी मान डोलावली, कारण तोवर पदके खरी मानून बसलो होतो आणि तबकडी खोटी म्हटली तर पदकेही खोटी म्हणावी लागली असती. पुढे मोजली तर ती ११७ मिलिमीटर भरली. मूळ तबकडी १२० च्या थोडी वरच असते. खऱ्या वस्तूचा साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते आणि अक्षरे बोथट होतात. माप घ्या, मगच भाव विचारा.

उलगडा मुलामुळे झाला. त्याने युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत पणजोबांना शोधून काढले आणि म्हणाला, “बाबा, नंबरचा शेवटचा आकडा वेगळा आहे.” नोंदीत शेवटी १ होता. मी वही काढली. आजोबांचा देवनागरी १ वरून गोल आणि खाली शेपूट ओढलेला आहे, आणि मी तो ९ वाचला होता. माझ्या व्हॉट्सॲपच्या निरोपात ९ होता, आणि तिन्ही पदकांवरही ९ होता. १९१४ पासून आजवर जगात तो चुकीचा नंबर एकाच ठिकाणी लिहिला गेला होता, माझ्या फोनमध्ये. वही घेऊन मी तासभर तसाच बसून राहिलो.

त्या विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे आणि ताडपत्रीच्या जागी दुसराच माणूस बसतो.

पोलिसांत गेलो त्याबद्दल लिहिताना हात थरथरतो. पहिल्या ठाण्यात सांगितले की व्यवहार हॉटेलात झाला, तेव्हा ती हद्द आमची नव्हे. दुसऱ्या ठाण्यात सांगितले की ओळख बाजारात झाली, तेव्हा पहिल्यांकडेच जा. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी त्याची छापील प्रत पुढे केली, तर “काका, कायदा आम्हाला शिकवू नका” असे ऐकावे लागले. पावती कुठे आहे, असे तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारले. जुन्या बाजारात पावती मिळत नाही हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला तर माणूस समोर भेटलेला असल्याने हे सायबर प्रकरण नाही असे उत्तर मिळाले, आणि बँकेने तुम्ही स्वतः पैसे पाठवले म्हणून हात झटकले. खातेदार कोण, हे बँक पोलिसांच्या पत्राशिवाय सांगत नाही. पोलीस गुन्हा नोंदल्याशिवाय पत्र देत नाहीत. आणि आरोपीचे नाव-पत्ता नाही म्हणून गुन्हा नोंदत नाहीत. ग्राहक आयोगाकडे जावे तर तिथेही नाव-पत्ता लागतो. एका हवालदाराने तर शंभर वर्षांहून जुनी वस्तू विकत घेतली म्हणून माझ्यावरच केस होईल, असा दम भरला. पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यात परवाना लागतो तो विकण्याचा धंदा करणाऱ्याला, घरात ठेवणाऱ्याला नव्हे. आणि माझ्याकडच्या बहुतेक वस्तू जर जुन्याच नाहीत, तर दम कशाचा? अठ्ठावन्नाव्या वर्षी मी बाकावर चार चार तास बसलो, आणि शेवटी एक तक्रार अर्ज घेतला गेला, ज्याची शिक्का मारलेली पोच मिळवायला आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ (४) अर्जात स्वतःच्या हाताने लिहा, ते लिहिणार नाहीत.

तारा, व्हिक्टरी मेडल आणि तबकडी निव्वळ नव्या ओतीव नकला निघाल्या, त्यांचा मला राग येतो आणि तो तिथेच संपतो. चांदीचे पदक मात्र खरे आहे. त्याचा व्यास ३५.३ मिलिमीटर भरतो, म्हणजे कड घासलेली आहे. माझ्या पणजोबांचे नाव ठोकण्यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी नाव तिथून काढून टाकले आहे. मी १०,००० रुपये इसार दिला नसता तर ते नाव आजही कडेवर असते, आणि ही गोष्ट मला पैशांहून अधिक छळते.

भिंगाखाली, कडेवर ठोकलेल्या पलटणीच्या ११० मधल्या शून्याच्या आत इंग्रजी ७ ची आडवी रेघ दिसते. म्हणजे हा माणूस ११७ व्या मराठा पलटणीतला. तीही कुतच्याच वेढ्यात होती. नंबरातले दोन आकडे आणि नावाचे शेवटचे एक अक्षर, ‘यू’, अजून वाचता येते. तेवढ्यावर मी ११७ व्या पलटणीच्या मृतांच्या नोंदी रोज रात्री थोड्या थोड्या तपासतो आहे. तो जर जिवंत परत आला असेल, तर त्या नोंदींत तो मला सापडणार नाही.