मडगावची ड्रमदुरुस्ती: चार दिवसांचे अकरा झाले, तरी जाईन

पावसाळ्यात माझा स्नेअर (ड्रमसेटमधला, खाली तारा लावलेला छोटा ड्रम) खरखरायला लागला. कळंगुटच्या हॉटेलात मी सीझनभर ब्लूज वाजवतो. आधी एका दुकानात दाखवला (नाव नको), तर न उघडताच ‘नवा घ्या’. मग मडगावात या बिनपाटीच्या खोलीत नेला.

दुरुस्ती करणारे अंकल सत्तरीचे. तरुणपणी जहाजांवर, नंतर डान्स बँडमध्ये, समोर नोटेशन ठेवून वाजवलेले. त्यांनी स्किन (वरचा ताणलेला पडदा) काढली, शेल म्हणजे ड्रमचा गोल सांगाडा काचेवर उपडा ठेवला, आत टॉर्च सोडला आणि दिवा घालवला. कडेखालून एका जागी उजेडाची रेघ. ‘‘हांगा पळय.’’ कड तिथे झिजलेली! ती घासून सपाट केली, स्किन नवी घातली, समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे पिळत ताण जुळवला. बिल 1,400 रुपये, स्किनसकट. चार दिवस सांगून अकरा लावले. दोन कार्यक्रम मी उसन्या ड्रमवर काढले. फोन तर उचलतच नाहीत.

न्यायला गेलो तर म्हणाले, वाजव. मी शफल धरला, ब्लूजची ती लांब-आखूड ठोक्यांची डुलती लय. ‘‘बरें. पूण पुस्तकांतलें.’’ मग अंकलनी सॅम ले या ड्रमरचा विषय काढला. 1935 साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला जन्मलेला, शिकागोत ब्लूज गायक हाउलिन वुल्फबरोबर वाजवलेला. 1965 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा मागे ड्रमवर हाच. त्याचा डबल शफल लहानपणीच्या चर्चमधल्या दुपटीच्या टाळ्यांवरून आलेला. उजवा हात झांजेवर, डावा स्नेअरवर, दोन्ही शफलच वाजवतात. दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला डाव्याचा जोर. ‘‘तुमगेर चवथीक आरती जायना?’’

मी फोंड्याचा. घुमट (आरतीला वाजवतात ते कातडं लावलेलं मातीचं वाद्य) हातात आलं तेव्हा मला धड बोलताही येत नसेल. (हल्ली त्यावर बकऱ्याचं कातडं, घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे. जुनी माणसं अजून हळहळतात.) पण कळंगुटला बसलो की मी आरती घरी ठेवून यायचो. अंकलनी मांडीवर आरतीची शेवटची धावती लय वाजवायला लावली, मग तीच काठ्यांवर. दहाव्यांदा कुठे डावा हात मोकळा झाला. त्याचे हलके ठोके, जे आधी खरखरीत बुडायचे, एकेक वेगळे ऐकू आले. कड घासल्याचे पैसे तिथे वसूल.

एक ते चार शटर खाली असतं. रोख न्या. आणि काठ्याही न्या. त्यांच्याकडच्या कुणाला देत नाहीत.